चहातली गोळी आणि इतर लपवाछपवी

वाचकांचे प्रश्न : घरातला मानसिक आजार

या वेळच्या पत्रांतले आजार निरनिराळे आहेत. पण जवळजवळ प्रत्येक पत्रात कुणीतरी कुणापासून तरी काहीतरी लपवतंय. गोळी रुग्णापासून, आजार व्याह्यांपासून, दुखणं दिंडीतल्या सोबत्यांपासून. म्हणून यातल्या काही पत्रांना सविस्तर उत्तरं दिली आहेत. औषधाचा डोस मात्र इथलं वाचून कुणी कमी-जास्त करू नये, ते काम तुमच्या डॉक्टरांचं.

प्रश्न : माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, पण 'मला काही झालेलं नाही' म्हणून तो गोळी घेत नाही. आठ महिने मी सकाळच्या चहात रिस्पेरिडोनचं पातळ औषध घालते आहे. आधी फरक पडला. आता तो अर्धा कप चहा टाकून देतो, कपाकडे बघत बसतो, टपरीवर जाऊन चहा पितो. बहीण म्हणते, गोळी कुटून भाजीत घाल. — आई, सांगली

आधी चहाचं. रिस्पेरिडोनचं पातळ औषध चहाशी जुळत नाही. उत्पादकाच्या माहितीपत्रकातच तसं लिहिलेलं असतं : पाणी, कॉफी, संत्र्याचा रस किंवा साय काढलेलं दूध चालेल, चहा आणि कोला चालणार नाही. आपल्याकडे नेमकं चहातच घातलं जातं, कारण मुलगा नाही म्हणणार नाही असा तोच एक पदार्थ असतो. म्हणजे आठ महिन्यांत त्याच्या पोटात रोज किती औषध गेलं, हे तुम्हालाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. त्यात अर्धा कप टाकलेला. डॉक्टरांना हे सांगितलेलं नसेल, तर 'औषध लागू पडत नाही' असं समजून त्यांनी डोस वाढवलाही असेल. म्हणून उद्यापासून परस्पर पाण्यात द्यायला लागू नका. वाढवलेला डोस एकदम पूर्ण पोचला तर अंग ताठरणं, हात थरथरणं, लाळ गळणं सुरू होऊ शकतं. आधी डॉक्टरांना फोन करून 'आजवर चहातून देत होते' हे स्पष्ट सांगा. ते रागावणार नाहीत. हे त्यांनी पुष्कळ घरांत पाहिलेलं असतं.

कुटून घालायचं तर त्याहून वाईट. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर किंवा क्रोनो असतं, ती पोटात हळूहळू सुटावी अशी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचं औषध तासाभरात अंगात. शिवाय भाजी घरातले सगळे खातात, कडू लागते, आणि त्या दिवशी तो जेवलाच नाही तर डोसही गेला.

पण खरी अडचण गोळीची नाही. जेवणात काहीतरी घालतात असा संशय ज्याला आहे, त्याच्या जेवणात आपण खरोखरच काहीतरी घालतो आहोत. तो कपाकडे बघत बसतो तेव्हा त्याचा भ्रम आणि वस्तुस्थिती एकच झालेली असते. ज्या दिवशी हे उघड होईल, त्या दिवशी तो औषधच नव्हे, तुमच्या हातचं जेवणही सोडेल. टपरीवरचा चहा ही त्याचीच सुरुवात आहे.

यातून बाहेर कसं पडायचं? जेवणाच्या ताटावर कबुली देऊ नका. डॉक्टरांशी आधी बोलून घ्या आणि दवाखान्यात, त्यांच्यासमोर विषय निघू द्या. 'तू आजारी आहेस' हे त्याच्याकडून वदवून घ्यायची गरज नाही. त्याची स्वतःची तक्रार काय आहे? झोप लागत नाही, आवाजांनी डोकं उठतं, कामावर टिकता येत नाही. गोळी त्यासाठी आहे, एवढंच पुरतं. तो नाही का म्हणतो, हेही विचारा. बहुतेक वेळा कारण निघतं : सकाळी अकरापर्यंत डोळे उघडत नाहीत, वजन वाढलं, लैंगिक इच्छा गेली (हे तो आईला सांगणार नाही, डॉक्टरांशी एकट्याला बोलू द्या), किंवा एका जागी बसवत नाही. शेवटचं नीट ओळखा. माणूस सारखा येरझाऱ्या घालतो, बसला की पाय हलवत राहतो, पुन्हा उठतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला. बऱ्याचदा तो औषधाचा दुष्परिणाम असतो आणि डोस बदलून किंवा दुसरी गोळी देऊन आटोक्यात येतो.

रोजची गोळी हेच भांडण असेल तर लांब पल्ल्याच्या इंजेक्शनबद्दल विचारा. फ्लुफेनाझिन डेकानोएट हे जुनं आणि स्वस्त, दर २ ते ४ आठवड्यांनी. पॅलिपेरिडोन महाग, महिन्यातून एकदा. आधी तेच औषध तोंडावाटे देऊन सोसतं का ते बघतात. इंजेक्शन लपवून देता येत नाही, हाच त्याचा मोठा गुण. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्यांना दिसते, चुकली तर त्याच दिवशी कळतं.

आणि एक वही करा. 'चिडचिड करतो' असं लिहून डॉक्टरांना काही कळत नाही. असं लिहा : 'मंगळवार. झोप १ ते ५. पोळी दीड. गोळी घेतली, डोळ्यांसमोर. आंघोळ नाही, तिसरा दिवस. रेडिओ बंद करायला लावला, आपल्याबद्दल बोलतायत म्हणाला.' गोळी 'दिली' आणि 'घेतली' हे दोन वेगळे शब्द आहेत, वहीत ते वेगळेच ठेवा. झोप सलग तीन रात्री चार तासांवर आली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

प्रश्न : पतीला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी अति खिन्नता) आहे. वय ५२. सहा वर्षांपासून लिथियम चालू आहे, तब्येत उत्तम. ते निर्जला एकादशी करतात आणि वारीलाही जातात. गेल्या वर्षी वाटेत उलट्या झाल्या, हात थरथरत होते, नीट चालवेना. सगळे म्हणाले ऊन लागलं. यंदा बी.पी.ची गोळीही सुरू झाली आहे. जाऊ द्यावं का? — पत्नी, सोलापूर जिल्हा

ऊन लागलं असेलही. पण लिथियम घेणाऱ्या माणसाला उलट्या, हाताची मोठी थरथर आणि झोकांड्या एकत्र येणं हे लिथियम चढल्याचं चित्र आहे, आणि तसं नाही हे रक्त तपासल्याशिवाय म्हणता येत नाही. मूत्रपिंड लिथियमला मिठासारखंच वागवतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ते मीठ धरून ठेवतं आणि सोबत लिथियमही. उन्हातली चाल, घाम, जुलाब, निर्जला उपास, अळणी व्रत, यांतलं काहीही तीच गोळी दीडपट-दुप्पट करून सोडतं. म्हणून निर्जला आणि अळणी दोन्ही बंद. एकादशी पाणी पिऊन, नेहमीएवढं मीठ खाऊन करावी. आषाढीला बहुतेक वारकरी पाणी पितातच, त्यात काही मोडत नाही.

रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात, १.५ च्या वर त्रास दिसू लागतो, वयस्कर माणसात कधी त्याआधीही. तपासणीत एक चूक हमखास होते. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ ला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. पुष्कळ जण गोळी घेऊन लॅबमध्ये जातात, आकडा फुगतो, आणि नसता डोस कमी होतो. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम सहा महिन्यांनी.

हाताची बारीक थरथर लिथियमवर असतेच. बशीतून चहा सांडायला लागला, बोलणं जड झालं, जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. 'लिथियमची पातळी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघा' हे तुम्ही स्वतः म्हणा. गर्दीत सलाईन लावून परत पाठवतात, गोळीचं कुणी विचारत नाही.

वारीत पाय दुखले की कुणीही गोळी काढून देतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन या तिन्हींनी लिथियम चढतं. पॅरासिटामॉल चालतं, त्याची पट्टी त्यांच्या खिशातच असू द्या. बी.पी.च्या गोळीचं नाव आजच बघा. हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल (नावाच्या शेवटी सुटं 'एच' असलं तर बहुधा पहिलं), किंवा नाव 'प्रिल' अथवा 'सार्टन'ने संपत असेल, तर ती लिथियमची पातळी वाढवू शकते. ती स्वतः बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा आणि आठवड्याभरात पातळी तपासून घ्या.

जाऊ द्यावं का? पातळी नीट असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर सगळी वाट न चालता काही मुक्काम जरूर जावं. मात्र आम्हाला उन्हाइतकीच धास्ती जागरणाची वाटते. दोन रात्री झोप मोडली की बायपोलर उसळायला दुसरं निमित्त लागत नाही. रात्री दहाला आडवं व्हायचं, कीर्तन कितीही रंगलेलं असो. आणि दिंडीतल्या एका तरी माणसाला आजार, गोळीचं नाव आणि वरची लक्षणं माहीत हवीत. गेल्या वर्षी ती माहीत असती तर 'ऊन लागलं' यावर कुणी थांबलं नसतं.

प्रश्न : बहिणीला (वय ३४) तीन वर्षांपासून आजार आहे. औषध सुटलं की ती रात्र रात्र ओरडते, भांडी फेकते. वडील तिला खोलीत घालून बाहेरून कडी लावतात. एकदा ओढणीनं हात बांधून गाडीत घातलं. शेजारी म्हणतात कोर्टाची ऑर्डर लागते. खरं काय? — भाऊ, नाशिक

कोर्टाची ऑर्डर ही जुन्या कायद्याची आठवण आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. बहीण स्वतः तयार असेल तर ती स्वतःच दाखल होते. तिला त्या वेळी निर्णय घेता येत नसेल आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची भीती असेल, किंवा तिला स्वतःकडे अजिबात बघता येत नसेल, तर कलम ८९ खाली तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (उपचारांच्या निर्णयात तिच्या बाजूनं बोलणाऱ्या माणसाच्या) अर्जावर दाखल करता येतं. दोन तज्ज्ञ तिला वेगवेगळं तपासतात, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ. मुदत ३० दिवसांपर्यंत. स्त्री असेल तर रुग्णालयाला तीन दिवसांत या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. प्रतिनिधी कोण हे ती बरी असताना साध्या कागदावर लिहून सही करू शकते. लिहिलेलं नसेल तर सहसा जवळचा नातेवाईक धरला जातो. पण ती बरी असतानाच तिला विचारा. कदाचित तिला वडील नको असतील, तुम्ही हवे असाल.

मध्यरात्री मनोविकारतज्ज्ञ सापडत नाही, हे खरं. कलम ९४ त्यासाठीच आहे : कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीनं. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण पहिल्या रात्री तिथवर धावायची गरज नसते. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा.

रुग्णाला साखळीनं बांधायला कलम ९५ नं सरळ बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण पळता न आल्यानं मेले. बाहेरून कडी घातलेली खोली काही फार वेगळी नाही. तशी कडी घालण्याऐवजी आतल्या कड्या काढून टाका, संडास-बाथरूमच्या सुद्धा, म्हणजे ती स्वतःला कोंडून घेऊ शकणार नाही. विळी, सुऱ्या, खलबत्ता, फिनेल, उंदराचं औषध आणि गोळ्यांचा साठा उचलून कुलपात ठेवा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. टीव्ही बंद, मोठा दिवा चालू. बोलणारा एकच माणूस, बाकीचे दुसऱ्या खोलीत. सहा जण दारात उभे राहून एकदम समजावू लागले की तिला हल्लाच वाटतो. दोन हात अंतर ठेवून, थोडं बाजूला उभे राहा. तिच्या आणि दाराच्या मध्ये नाही. तिला दिसतंय ते खोटं आहे हे पटवू नका आणि 'हो, मलाही दिसतंय' असंही म्हणू नका. 'तू फार घाबरली आहेस. मी इथेच आहे. पाणी देऊ?'

हातात हत्यार असेल तर ११२. रुग्णवाहिकेला १०८. फोनवर पहिल्या वाक्यात सांगा : मानसिक आजाराची रुग्ण आहे, उपचार चालू आहेत, हत्यार आहे किंवा नाही. पोलिसांनी तिला कोठडीत ठेवायचं नाही, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, हे कलम १०० मध्ये आहे. हे कलम फोनमध्ये टिपून ठेवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक चोवीस तास आणि मराठीतही चालतो. ते बोलायला आणि काय करावं हे विचारायला. गाडी मागवायला नाही. गाडीत बसवताना ड्रायव्हरच्या मागे बसवू नका, दुसऱ्या बाजूला बसवा, चाइल्ड लॉक लावा.

दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली हवी : चालू चिठ्ठीच्या प्रती, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, मागचं डिस्चार्ज कार्ड, आधार, प्रतिनिधीचा कागद, वही. आणि ती बरी झाल्यावर ओढणीबद्दल माफी मागा. नंतर तिला विचारा की पुढच्या वेळी असं झालं तर कुठे न्यायचं, कोणतं औषध सोसलं नव्हतं, कुणी सोबत यावं. हे लेखी करून ठेवायचा हक्क कलम ५ मध्ये तिला आहे.

प्रश्न : मुलीचं स्थळ जमतंय. ती दोन वर्षं बरी आहे, गोळ्या चालू आहेत. सांगावं का? नातेवाईक म्हणतात, लग्नानंतर सगळं ठीक होतं. — वडील, कोल्हापूर

सांगावं, साखरपुड्याआधी, आणि शक्यतो तिनं स्वतः. मुलाला एकदा तिच्या डॉक्टरांना भेटू द्या. हिंदू विवाह कायद्यात महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेली संमती हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण होऊ शकतं. पण त्याहून जवळचं संकट असं, की लपवलेली गोळी नव्या घरात घेता येत नाही. डबी बॅगेच्या तळाशी जाते, चार रात्री जागरण होतं, पंधरा-वीस दिवसांत आजार परत, आणि मग तो सगळ्यांसमोर. गोळ्यांत व्हॅल्प्रोएट (मनाचे चढउतार आवरायला देतात ते एक औषध) आहे का हे आत्ताच विचारा. गर्भाला त्यापासून मोठा धोका असतो, आणि बदल लग्नाआधी करायचा, दिवस गेल्यावर नाही.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, राज्य शासनाचा निवृत्त कर्मचारी. मुलगा ३८ वर्षांचा, स्किझोफ्रेनिया. आमच्यामागे त्याचं काय? एकानं निरामय विमा आणि कायदेशीर पालकत्व घ्यायला सांगितलं. — अमरावती

हेलपाटा वाचवा. निरामय योजना आणि स्थानिक समितीकडून मिळणारं पालकत्व या दोन्ही गोष्टी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या. त्या स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच आहेत. मानसिक आजार त्यात येत नाही. तुमच्या कामाचा कायदा दिव्यांगजनांचा, २०१६ चा.

पहिलं काम यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. मानसिक आजाराची टक्केवारी 'आयडियाज' मोजपट्टीनं काढतात : स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद व समज आणि काम, प्रत्येकाला ० ते ४, आणि आजाराच्या वर्षांचे वेगळे गुण. बेरीज ७ झाली की ४० टक्के, आणि सवलती तिथून सुरू. इथे आई-वडीलच चूक करतात. मुलाला इस्त्रीचे कपडे घालून नेतात आणि 'आंघोळ करतो का?' याला 'करतो की' म्हणतात. चार वेळा सांगून, बादली भरून, टॉवेल हातात दिल्यावर करत असेल, तर तसंच सांगा. मुलाच्या लाजेखातर आपण त्याचे गुण घालवतो. दाखला मुदतीचा असेल तर संपण्याच्या तीन महिने आधी फेरतपासणीचा अर्ज करा.

दुसरं, कुटुंब निवृत्तिवेतन. आजारामुळे कमावू न शकणाऱ्या मुलाला ते हयातभर मिळू शकतं, पण तुमच्या हयातीतच त्याचं नाव आणि अपंगत्व कोषागाराच्या नोंदीत आलेलं असेल तर वाट सोपी. तुमच्या पश्चात त्याच्या भावानं हे सगळं सिद्ध करत बसायचं म्हणजे वर्षं जातात.

तिसरं, मृत्युपत्र. बँकेतला नॉमिनी हा मालक नसतो, पैसे स्वीकारणारा असतो. 'भाऊ बघेल' हे भावानं मनापासून म्हटलेलं असतं, पण कागदावर नसतं. फ्लॅट एकट्या मुलाच्या नावावर करून मोकळे होऊ नका. गोड बोलून सही घेणारे भेटतात. १८८२ च्या कायद्याखाली खासगी न्यास (ट्रस्ट) करता येतो. विश्वस्त निदान दोन, त्यातला एक मुलापेक्षा लहान. वकिलाची फी लागेल. सोबत एक साधं पत्र हवं, ते वकील लिहून देणार नाही : कोणता डॉक्टर, कोणत्या गोळ्या, दिवसाला किती बिड्या, कोणत्या दुकानात उधारी चालते, फटाक्यांना घाबरतो, भात गार लागतो.

आणि आत्तापासून वर्षातून एक आठवडा तुम्ही नवरा-बायको घरातून निघून जा, म्हणजे तुमच्याशिवाय त्याचं कसं चालतं हे तुमच्या हयातीतच कळेल.

प्रश्न : सासूबाई संशय घेतात, आंघोळ टाळतात. दिवसभर मी एकटीच असते. हल्ली मी फार ओरडते आणि नंतर रडते. — सून, डोंबिवली

लंडनमधल्या संशोधकांना १९७० च्या दशकात असं दिसलं होतं की टोचून बोलणारं किंवा अति गुंतलेलं घर आणि आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोरचा सहवास एकत्र आले की आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं. तुमचे तास मोजा. वन बीएचकेत हा आकडा चौथ्या दिवशीच ओलांडला जातो. तेव्हा तास कमी करणं हा सासूबाईंच्याच उपचाराचा भाग आहे, असं नवऱ्याला सांगा. रविवार त्याचा. मधला एक दिवस नणंदेचा किंवा पैसे देऊन ठेवलेल्या मावशींचा. रोज दुपारी दोन तास तुम्ही घराबाहेर, कामासाठी नव्हे. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे आणि ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेचे कुटुंबीयांसाठी गट आहेत. ठाणं तुम्हाला जवळ.

आंघोळीचं भांडण रोज करू नका. आठवड्यातून तीन दिवस ठरवा, वार लिहून लावा. 'आजपण नाही केलीत ना?' असं विचारू नका. 'पाणी तापलंय, टॉवेल खुंटीवर आहे' एवढंच म्हणा आणि तिथून निघून जा.